पट्टीमास्तरांचा समास

पट्टीमास्तरांना मास्तर म्हणायचं खरं, पण त्यांनी आयुष्यात कुणाला पाढाही शिकवला नव्हता. कॉलेजच्या फाटकासमोर दुकानांची एक रांग होती. तिच्यात सायकल दुरुस्तीवाला आणि वह्या-पेनांचं दुकान यांच्या मध्ये त्यांचं टायपिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, त्यांची स्वतःची खुर्ची आणि गिऱ्हाइकानं फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम डुगडुगतं ठेवलेलं एक स्टूल. शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी कायम डोकं वर काढून असायची. प्रिंटरमधून पान बाहेर पडलं की मजकुराकडे बघायच्या आधी ती पट्टी समासावर पडे. डावा समास, उजवा समास, वर, खाली. तसूभर जरी फरक निघाला तरी पान फाडून टोपलीत.

"काका, एवढं कोण बघतंय?" प्रबंध टाइप करून घ्यायला आलेल्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं.

"मी बघतोय ना," मास्तर म्हणाले. "मी काय मेलोय?"

त्या मुलीला पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि स्वतःच्या लग्नाची पत्रिका तिनं इथंच टाइप करून घेतली. मास्तरांची गिऱ्हाइकं अशीच होती. शिव्या खाऊन जायची आणि परत यायची. कारण मास्तरांच्या हातचं पान टेबलावर ठेवलं की ते आधी डोळ्यांना पटायचं, मग डोक्याला. आत लिहिलेलं भिकार असलं तरी पान बघून परीक्षकाचा आवाज खाली यायचा, असं सायकलवाला सांगे. सायकलवाल्यानं जन्मात प्रबंध पाहिला नव्हता, पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं.

मास्तर शिकले होते टाइपरायटरवर. तिथं मथळा मध्यभागी घ्यायचा तर अक्षरं मोजायची, ओळीतून वजा करायची, निम्मी करायची आणि तेवढ्या वेळा स्पेसबार दाबायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात याच कामासाठी एक बटण आहे हे त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण ते स्पेसबारच दाबत राहिले. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःच्या हातानं एंटर. परिच्छेदाच्या सुरुवातीला मोजून स्पेस. ठळक करायचं तर शब्द पकडून ठळक, तिरकं करायचं तर शब्द पकडून तिरकं. "बटणावर विसंबला तो कशावरही विसंबेल," असं त्यांचं म्हणणं. या तत्त्वावर त्यांनी तीस-एक वर्षं संसार केला, लेकीला शिकवलं, आणि लेक त्याच बटणांच्या जगात नोकरीला लागली. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत ती पानं लावायचं काम करत होती.

मास्तरांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गवतवाल्या बाईंचं पुस्तक. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या तशा गावाबाहेरच्या माळावर दिवस काढायला लागल्या. माळावर उगवणारं एकेक गवत, त्याचं शास्त्रीय नाव, मेंढरं राखणारे लोक त्याला काय म्हणतात, ते कधी कापायचं, कशाला उपयोगी पडतं, हे सगळं त्यांनी लिहून काढलं. त्या येऊन गेल्या की डुगडुगत्या स्टुलावर कुसळं चिकटलेली असत. मास्तरांच्या बायकोनं एकदा डबा देता देता विचारलं होतं, "गवतावर चारशे पानं? वाचणार कोण, गाई?" बाईंनी हसून सांगितलं, "गाईंना सगळं माहीतच आहे हो. हे माणसांसाठी आहे." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

बाई लिहून आणायच्या, मास्तर टाइप करायचे, अशी कैक वर्षं गेली. शास्त्रीय नाव आलं की मास्तरांनी ते तिरकं केलं. मेंढपाळांच्या तोंडचं नाव आलं, तेही तिरकं केलं. बाईंनी एखाद्या शब्दावर जोर दिलेला असला की तोही तिरका. तिरकं ते तिरकं, दिसायला झाक दिसत होतं.

मग एका प्रकाशकानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं आणि घोटाळा झाला. प्रकाशकाचं म्हणणं एवढंच होतं की पुस्तक खिशात मावेल असं हवं, कारण लोक ते माळावर नेणार. मेंढपाळांनी दिलेली नावं ठळक हवीत, शास्त्रीय नावं तिरकी, आणि मागे दोघांची वेगवेगळी सूची. बाई आनंदानं सांगत आल्या. मास्तरांनी फाइल उघडली, पानाचा आकार लहान केला आणि ते बघतच राहिले. एक ओळ भरलेली, पुढच्या ओळीत दोनच शब्द, पुन्हा भरलेली, पुन्हा दोन शब्द. त्यांनी हातानं मारलेले सगळे एंटर आपापल्या जागी इमानानं उभे होते आणि पान मात्र विसकटलं होतं. तक्ते एकमेकांच्या अंगावर पडले होते. मध्यभागी घेतलेले मथळे कुठल्या कुठे जाऊन बसले होते.

"होईल नीट," मास्तर बाईंना म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि पट्टी हातात घेऊन बसून राहिले.

कारण नीट करायचं तर पानापानावर डोळे लावून बसायला हवं होतं, आणि मास्तरांचे डोळे जायला लागले होते. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. ज्या शब्दाकडे सरळ बघावं तोच पुसट व्हायचा, कुणी त्यावरून ओला अंगठा फिरवल्यासारखा. आजूबाजूचं दिसायचं. टेबलाची कड दिसायची, दार दिसायचं, कागदाची कड तर चांगली दिसायची. मधला मजकूर तेवढा नाही. आधी एका डोळ्याचं झालं, तेव्हा दुसऱ्यावर भागलं. आता दुसराही त्याच वाटेनं निघाला होता. मास्तर मान वाकडी करून, कोंबडीसारखं एका बाजूनं बघून कसंतरी निभावत होते. गिऱ्हाइकांना वाटे मान आखडलीय. छोटी कामं हातांच्या सवयीवर होऊन जात. गवतवाल्या बाईंचं पुस्तक तसं होणार नव्हतं. ते झालं नाही तर बाईंना तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि कळलं की टायपिंगवाल्याला दिसत नाही, तर दुकानाची पायरी कोण चढणार? मास्तरांना दुकान सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

लेक सुट्टीच्या दिवशी घरी यायची. त्या आठवड्यात ती दुकानात आली, फाइल पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हे सगळे एंटर तुम्ही हातानं मारलेत?"

"मग काय पायानं मारू?"

"तसं नाही हो. आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. त्यात फक्त सांगायचं, हे काय आहे. हे प्रकरणाचं नाव, हे गवताचं नाव, ही तळटीप. नुसत्या खुणा करायच्या. ते दिसायचं कसं, हे दुसऱ्याच एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवायचं. उद्या पानाचा आकार बदलला तर ती दुसरी फाइल बदलायची. मजकुराला हातसुद्धा लावायचा नाही."

"आणि टाइप करताना पान दिसतं कसं?"

"दिसत नाही. नुसता मजकूर आणि खुणा. पान शेवटी बनतं."

"म्हणजे काय बनतंय ते न बघता टाइप करायचं?" मास्तर भडकले. "पान म्हणजे दिसणं! दिसणंच काढून घेतलं तर माझं काम काय राहिलं? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असला कारभार तुझा! आंधळ्यांचा प्रोग्रॅम आहे तो, आंधळ्यांचा..."

आणि ते थांबले. तोंडातून निघालेला शब्द त्यांचा त्यांनाच लागला. "पाणी पिऊन येतो," म्हणून ते उठले आणि सायकलवाल्याकडे जाऊन उगाचच एका चाकाकडे बघत उभे राहिले. लेकीला वाटलं, बाबा आपल्यावर चिडले. ती मुकाट्यानं तो प्रोग्रॅम मशीनवर घालून, बाईंचा मजकूर त्यात ओतून, तीन-चार खुणा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवून गेली.

मास्तर हट्टी खरे, पण मूर्ख नव्हते. दुसरा रस्ता नाही हे त्यांना कळत होतं. लेक गेल्यावर त्यांनी तो आंधळ्यांचा प्रोग्रॅम उघडला. आणि उघडून काय केलं, तर तीस वर्षांची खोड लावली. प्रकरणाची खूण केली की शब्द मोठा आणि ठळक येतो, एवढं त्यांना समजलं. झालं, जिथं म्हणून काही उठून दिसायला हवं होतं तिथं त्यांनी प्रकरणाची खूण ठोकून दिली. हे प्रकरण आहे का, असा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मोठं दिसतंय ना? मग झालं तर.

पुढच्या सुट्टीला लेक आली. प्रोग्रॅमनं आपण होऊन बनवलेली अनुक्रमणिका तिनं छापून काढली, घरी आणली आणि वाचता वाचता खुर्चीतच लवंडली.

"आई, ऐक ना! प्रकरण सहावं, ओढ्याकाठची गवतं. प्रकरण सातवं, 'कापण्याआधी विळा धुवून घ्यावा.' प्रकरण आठवं, 'सूचना: कुसळांपासून डोळे सांभाळावेत!'"

आई पण हसली. मास्तरही हसले, जरा ओशाळून. ती ओळ उठून दिसावी असं बाईंनी सांगितलं होतं, त्यांनी उठवली होती. प्रोग्रॅमला दिसणं कळत नव्हतं. त्याला सांगितलं प्रकरण, त्यानं प्रकरण करून अनुक्रमणिकेत नेऊन बसवलं.

"हे बघा ना," लेकीनं कागद त्यांच्यासमोर धरला, "आणि दहावं तर कहर आहे."

"हो हो. चुकलं ते."

"काय आहे दहावं?"

मास्तरांनी मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. लेकीचं हसू हळूहळू विरत गेलं.

"वाचा ना, बाबा."

"त्यांना दिसत नाहीये गं," बायको शांतपणे म्हणाली. "वर्ष होत आलं."

"तुला कुणी सांगितलं?" मास्तर एकदम ताडकन उभे राहिले.

"सांगायला कशाला हवं? तुमच्या शर्टाची बटणं रोज एक घर सोडून लागलेली असतात. मी दारात उभी राहून नीट करते, तुम्हाला वाटतं बायकोला म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय. समास मोजणाऱ्या माणसाचा शर्ट कधी वाकडा असतो का?"

मास्तर परत खाली बसले. इतके दिवस एकट्यानं ओढलेलं ओझं असं चारचौघांत, म्हणजे दोघींतच, उतरल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्यांना फक्त लाज वाटली आणि मग भीती वाटली. ते लेकीसमोर रडले. लेकीनं त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून ती अनुक्रमणिकेच्या घड्या घालत बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, यंत्रातून पाहिलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. नजरेचा मधला भाग गेलाय, गेलेला परत येणार नाही, राहिलंय ते टिकवायला औषध देऊ. कडेचं मात्र दिसत राहील. पूर्ण अंधार होणार नाही.

"म्हणजे समास दिसणार आणि मजकूर नाही," मास्तर म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. बायकोला कळलं. तिनं त्यांचा हात धरला.

डॉक्टरांनी एक मोठं भिंगही लिहून दिलं. अक्षर मोठं केलं आणि कडेच्या नजरेनं बघायची सवय केली तर वाचता येतं, असं ते म्हणाले. मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. त्यात एका वेळी दीडच शब्द मावायचा. ओळीच्या शेवटाला जाईपर्यंत सुरुवात विसरायची आणि परत येताना भलतीच ओळ हाताला लागायची. स्क्रीनवर जुनी फाइल मोठी करून पाहिली, तर ओळीचा अर्धा भाग बाहेर पळून जायचा. चार दिवसांत भिंग कपाटात गेलं. दुकानाला कुलूप लागलं.

"स्वतःचं लिहिलेलं तपासता येत नाही तो टायपिस्ट कसला?" असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. "दुकान काढून टाकू. बाईंची फाइल लेकीकडे देऊ, ती बघून घेईल."

पण गवतवाल्या बाई कुलूप बघून परत जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या घरी आल्या. सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांबद्दल जेवढ्यास तेवढं हळहळल्या आणि म्हणाल्या, "टाइप करायला डोळे लागतात का तुम्हाला? मी इतकी वर्षं बघतेय. तुम्ही टाइप करताना कीबोर्डकडे कधी बघितलंत?"

"कीबोर्डकडे नाही. पण कागदाकडे तर बघावं लागतं."

"कागद कुणीतरी वाचून दाखवेल की."

"आणि पान? पान कसं दिसतंय ते?"

"तुमची लेक तर म्हणतेय की तिच्या प्रोग्रॅममध्ये पान दिसतच नाही. डोळस माणसालाही नाही," बाई म्हणाल्या. "मग तुमचं काय अडलंय?"

ज्याला मास्तर आंधळ्यांचा म्हणून शिवी देत होते, तो प्रोग्रॅम खरंच त्यांच्यासाठी केल्यासारखा होता, आणि हे कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हे एक काम पुरं करतो. बाईंना शब्द दिलाय. मग दुकान बंद." बायकोनं चष्मा पुसला.

असं त्या घरात गवताचं वाचन सुरू झालं. दुकानातला कॉम्प्युटर घरी आणला. सकाळची कामं आवरली की बायको छापलेली पानं घेऊन वाचायला बसे आणि मास्तर, जुने एंटर शोधत बसण्यापेक्षा, खिडकीकडे तोंड करून सगळं पहिल्यापासून टाइप करत. तिरका शब्द आला की ती "तिरकं" म्हणे, आणि मास्तर ठरवत की हे तिरकं कसलं. शास्त्रीय नाव असेल तर त्याच्या आधी 'शास्त्र' अशी खूण. लोकांच्या तोंडचं नाव असेल तर 'गवत'. बाईंनी नुसता ठासून म्हटलेला शब्द असेल तर 'जोर'. हातांना प्रत्येक खुणेची आपली एक बोटांची चाल सापडली.

शास्त्रीय नावं वाचताना बायकोची जीभ दहा ठिकाणी अडखळे. "हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी कुणी बोलत नव्हतं का?" असं म्हणून ती एकेक अक्षर सुटं करून सांगे. लोकांची नावं मात्र ती चवीनं वाचायची. सासूची वेणी, रडकं, उंदीरशेपूट. दुपारपर्यंत तिला गवतांबद्दल मतं व्हायला लागली. रडकं गवत बाईंनी उगाच शेवटी टाकलंय, ते ओढ्याकाठच्या प्रकरणात हवं, असं तिनं एकदा ठणकावून सांगितलं. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, बरोबर आहे.

मास्तरांना मात्र एक गोष्ट हळूहळू कळत गेली आणि ती त्यांना आवडली. आजवर ते शब्दाकडे बघून विचारायचे, तू कसा दिसणार? आता विचारावं लागत होतं, तू आहेस कोण? इतकी वर्षं पुस्तक टाइप केलं, पण त्यात काय आहे ते त्यांना आता, बायकोच्या तोंडून ऐकताना समजत होतं. विळा धुवून घ्यायची सूचना त्यांनी प्रकरणातून काढून तिच्या जागी, सूचना म्हणून ठेवली. का धुवायचा ते आता त्यांना माहीत होतं. एका माळावरचं बी दुसऱ्या माळावर जाऊ नये म्हणून.

काम संपत आलं तेव्हा लेक आली. "बाबा, आता दिसण्याची फाइल. ती मी नाही करणार, तुम्ही सांगायची."

"मी? मला काय दिसतंय?"

"तुम्हाला माहीत आहे ना?"

मास्तर खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले आणि बोलायला लागले. बांधणीकडचा समास जास्त, नाहीतर अक्षर घडीत जातं. मथळ्याच्या वर मोकळी जागा दोन ओळींची, खाली एकच, म्हणजे मथळा खालच्या मजकुराचा वाटतो, वरच्याचा नाही. लोकांची नावं ठळक, पण काळीकुट्ट नकोत, पानावर माशा बसल्यासारखं दिसतं. लेक लिहीत गेली. तिच्या कचेरीत हे कुणी तिला इतकं नीट सांगितलं नव्हतं. तिनं एक बटण दाबलं, प्रिंटर सुरू झाला आणि छोटी छोटी पानं बाहेर पडायला लागली.

मास्तरांनी खिशातली पट्टी काढली. पानाची कड त्यांना दिसत होती. त्यांनी पट्टी समासावर लावली, मान वाकडी केली आणि बघितलं. मग दुसरं पान. मग मधलंच एक, मग शेवटचं.

"मथळा किंचित लहान हवा होता," ते म्हणाले. "जाऊ दे. आता सगळी पानं..."

लेकीनं एक आकडा बदलला आणि परत बटण दाबलं. "झालं. सगळ्या पानांवर."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मास्तर हसायला लागले. मथळे किंचित लहान करायचे म्हणून त्यांनी पूर्वी अख्खे आठवडे घालवले होते, पानापानावर जाऊन. त्यांना आनंद झाला आणि त्याच वेळी स्वतःच्या त्या आठवड्यांची कीवही आली. "गाढवमेहनत केली गं मी जन्मभर," ते म्हणाले.

"पण समास सरळ होते, बाबा."

"ते होतेच," मास्तर म्हणाले.

पुस्तक प्रकाशकाकडे जायच्या आधी बाईंनी सगळं वाचलं, लेकीनं वाचलं, बायकोनं तर दोनदा वाचलं. सगळ्यांनी निर्वाळा दिला. मास्तर त्यात नव्हते. ते घरात असून नसल्यासारखे फिरत होते. भाड्याची जागा सोडतोय, असा निरोप दुकानाच्या मालकाला पाठवायचा होता, तो त्यांनी त्या दिवशी पाठवायचं ठरवलं. काम पुरं झालं होतं. पुढचं काम घ्यायचं तर ते तपासायला रोज बायकोला बसवायचं? ते त्यांना नको होतं.

त्या दुपारी लेक पानांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे तुमचं."

"कसलं?"

"तेच पुस्तक. हा नुसता पहिला गठ्ठा, बाकीचे बाहेर आहेत. मजकुराला हात लावला नाही. दिसण्याची फाइल तेवढी दुसरी केली, तुमच्यापुरती."

मास्तरांनी वरचं पान उचललं. पान मोठं होतं आणि त्यावर अक्षर चांगलं बोटभर उंच, जाड. ओळीत तीन-चार शब्द, ओळ संपली की पुढची तिथूनच खाली सुरू. बाहेर पळून गेलेलं काही नाही. लोकांच्या तोंडची नावं काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत. मास्तरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. त्यांनी पट्टी कागदाच्या डाव्या कडेला लावली आणि दचकले.

"समास कुठाय?"

"काढून टाकला," लेक म्हणाली. "तुमच्यासाठी सगळी जागा अक्षरांना दिली."

एरवी कुणी मास्तरांसमोर असं पान धरलं असतं तर ते फाडून टोपलीत गेलं असतं. मास्तरांनी ते फाडलं नाही. त्यांनी पट्टी कडेवरून उचलली, आडवी केली आणि पहिल्या ओळीखाली ठेवली. मान एका बाजूला केली. ओठ हलायला लागले. लेक आणि बायको बघत उभ्या होत्या. पट्टी दुसऱ्या ओळीखाली गेली, तिसऱ्या. पान उलटलं. ते वाचत होते. हळू, अडखळत, पण कुणाच्या मदतीशिवाय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि पुढचं पान घेतलं.

बराच वेळ गेला. बायको चहा ठेवून गेली, तो निवला.

"अगं," मास्तर एकदम म्हणाले, "हे 'अजिबात' नावाचं गवत कुठं उगवतं?"

"काय?"

"हे बघ की. चौकटीत आहे. 'फुलोरा येण्याआधी हे गवत *अजिबात* कापू नये.' 'अजिबात'ला गवताची खूण झालीय. माझंच बोट घसरलं, जोराच्या जागी गवत. मागे सूचीत बघ, तिथंही जाऊन बसलं असणार."

लेकीनं धावत जाऊन सूची काढली. होतंच. लोकांच्या तोंडच्या नावांच्या यादीत, 'अजिबात', पान क्रमांकासकट. छोट्या पुस्तकात तो शब्द नुसता ठळक दिसत होता, तिघींच्या नजरेखालून सहज निसटला होता.

"अगं बाई," बायको तोंडावर पदर धरून हसत सुटली. "मी दोनदा वाचलं!"

"दोनदा वाचून काय होतंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पूर्वी दुकानात चढायचा तसा. "आता सगळं एकदा नीट तपासलं पाहिजे. बाईंना सांग चार दिवस थांबा म्हणावं. आणि ते कुलूप काढून ठेवा, गंजलं असेल. दुकानाच्या मालकाला मी काही निरोप-बिरोप पाठवत नाहीये."

बायकोनं निवलेला चहा उचलला आणि गरम करायला नेला. मास्तरांनी पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली.